टिकलीत किती सिलॅबल?

प्रश्न : मी ४१ वर्षांची आहे, तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. मुलगी इंग्रजी माध्यमात सातवीला आहे आणि तिचा इंग्रजीचा अभ्यास पहिलीपासून मीच घेते. गेल्या महिन्यात तिला वर्कशीट आलं : लांब इंग्रजी शब्दांचे सिलॅबल (उच्चाराचे तुकडे) पाडा आणि संख्या लिहा. त्यात 'अनकॅरॅक्टरिस्टिकली' हा शब्द होता. मी मोबाइलवर त्याचा उच्चार चार-पाच वेळा ऐकला, बोटांवर मोजला आणि तिला सात लिहायला सांगितलं. बाईंनी सातावर काट मारून आठ केले, एक मार्क कापला. त्या संध्याकाळी माझी जाऊ आमच्याकडे आली होती. तिच्यासमोर मुलगी म्हणाली, "मम्मा, तू मला इंग्लिश नको शिकवूस. तुझं मराठी मीडियमचं इंग्लिश आहे." मिस्टर म्हणतात, क्लास लाव आणि विषय संपव. सात बरोबर की आठ? हा शब्द नीट म्हणायचा कसा? आणि मी तिचा अभ्यास घेणं थांबवावं का? (पत्र संक्षिप्त केलं आहे.)

उत्तर :

ताई,

निकाल आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं तुम्ही त्याच धाकधुकीत वाचाल. तुम्ही कानांनी मोजलेत ते सात बरोबर आहेत. बाईंनी लाल पेनानं केलेले आठही चुकीचे नाहीत. चूक असलीच तर वर्कशीटवरच्या प्रश्नात आहे, कारण नेमकं काय मोजायचं हेच त्यात लिहिलेलं नाही.

'दोघीही बरोबर' म्हणजे चाळीतलं भांडण मिटवायला काढलेली तोड वाटेल, हे मला कळतं. म्हणून जरा कपाळापासून सुरुवात करू.

तुमच्या कपाळावर असते ती टिकली. लिहायला तीन अक्षरं : टि, क, ली. आता सकाळी बस गाठायची घाई असताना म्हणता तसं म्हणा बघू, "अगं, माझी टिकली कुठं पडली?" तोंडून काय आलं? टिक्-ली. दोनच ठोके. 'क'मधला अ लिहिलेला आहे, पण बोलताना गळून गेला. तो गाळायचा असतो हे आपल्याला कुठल्याही गुरुजींनी शिकवलेलं नाही. सगळे गाळतात म्हणून आपणही गाळतो. पण हाच शब्द बालवाडीतल्या पोराला टाळ्या वाजवत म्हणायला लावा. तो टि-क-ली अशा तीन टाळ्या वाजवील. कवितेतही तीनच धरतात : वृत्तात बसवायची झाली तर टिकली लघु, लघु, गुरू, म्हणजे 'स' गण. तेव्हा टिकली दोन की तीन, या प्रश्नाला आधी विचारावं लागतं, कशासाठी मोजताय?

तुमच्या त्या लांबलचक शब्दाच्या शेपटाला हीच टिकली लावलेली आहे. उपमा देत नाहीये, तोच आवाज आहे. स्पेलिंगमध्ये शेवटी आय, सी, ए, एल, एल, वाय अशी सहा अक्षरं आहेत. छापील तुकडे पाडले तर अन, कॅर, ॲक, टर, इस, टि, कल, लि. हे आठ. बोलताना मात्र तो 'कल'मधला स्वर आपल्या 'क'मधल्या अ-सारखाच गळतो आणि उरतं : अन, कॅ, रक, ट, रिस, टिक, ली. हे सात. तुमच्या मोबाइलनं तुम्हाला हेच ऐकवलं आणि तुमच्या कानानं ते पकडलं.

हे या एकाच शब्दाचं नाही. 'बेसिकली' म्हटल्याशिवाय हल्ली आपलं मराठी वाक्यसुद्धा पुढं सरकत नाही. त्याचं स्पेलिंग कधी सावकाश पाहिलंत? कागदावर त्याचे चार तुकडे पडतात, बे-सि-कल-लि. पण 'बेसिकॅली' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. 'ऑटोमॅटिकली', 'प्रॅक्टिकली', 'टेक्निकली', सगळ्यांना टिकली आहे. जिचं इंग्रजी 'मराठी मीडियमचं' ती आई आणि जिचं 'इंग्लिश मीडियमचं' ती मुलगी, दोघी दिवसातून दहा वेळा हा स्वर गाळत असतील. अडचण फक्त कागद समोर आला की सुरू होते.

तेव्हा कागदावरच्या त्या तुकड्यांचं थोडं सांगते. इंग्रजी कोशात शब्दाच्या पोटात जे ठिपके दिसतात, ते बहुतेक वेळा सिलॅबल मोजण्यासाठी नसतातच. छपाईत ओळ संपली आणि शब्द मावला नाही, तर तो कुठं तोडून खाली न्यायचा, याच्या त्या खुणा. या तोडण्याचेही दोन पंथ. 'नॉलेज' हा शब्द अमेरिकेत एलनंतर तोडायचे, म्हणजे उच्चार सांभाळून. इंग्लंडात जुन्या रीतीनं एलच्या आधी तोडायचे, म्हणजे 'नो' हा मूळ शब्द अखंड राहील असा. उच्चाराप्रमाणे तोडायची अमेरिकी सवय घडवण्यात नोआ वेब्स्टर यांचा वाटा मोठा. १७८३मध्ये त्यांनी शाळकरी मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं आणि पुढं कितीतरी पिढ्या त्यावर तुकडे पाडत वाचायला शिकल्या. तुमच्या लेकीचं वर्कशीट हे त्या पुस्तकाचं लांबचं पणतवंड म्हणायला हरकत नाही.

मग कॉम्प्युटर आला, तरी हा घोळ सुटला नाही. १९८३मध्ये स्टॅनफर्डला फ्रँकलिन लिआंग यांनी शब्द कुठं तोडावा हे यंत्राला शिकवण्यावर प्रबंध लिहिला. 'टेक' नावाच्या अक्षरजुळणीच्या प्रणालीत त्यांची पद्धत आजही चालते. तिच्या सोबतच्या अपवादांच्या यादीत 'प्रेझेंट' आणि 'प्रोजेक्ट' हे शब्द आहेत : यांना तोडूच नका, असे. का? तर 'प्रेझेंट' म्हणजे भेटवस्तू असेल तर तो एका जागी तुटतो आणि सादर करणं असेल तर दुसऱ्या. यंत्राला अर्थ कळत नाही, म्हणून हात लावायचा नाही. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो. सातवीच्या वर्कशीटमध्येही कुणीतरी तो दाखवायला हवा होता.

मेरियम-वेब्स्टरच्या कोशात या कुळातल्या शब्दांचा उच्चार दाखवताना तो वादातला स्वर चक्क कंसात टाकलेला असतो. म्हणजे घ्या, नका घेऊ. तुमच्या मार्कावर काट मारणारा तो स्वर असा कंसात बसलेला आहे. आणि एकूण सात यावर एकमत झालं, तरी सीमा कुठं आखायची यावर उच्चारकोशांचं पटत नाही. डॅनियल जोन्स यांच्या १९१७पासूनच्या कोशाच्या हल्लीच्या आवृत्त्या व्यंजन शक्यतो पुढच्या स्वराला देतात. जॉन वेल्स यांनी १९९०मध्ये काढलेला कोश ते जोराच्या स्वरापाशी ठेवतो. 'रिस-टिक' की 'रिस्ट-इक', एवढाच तो फरक. हे सगळं मुलीला सांगायची गरज नाही. तुम्हाला सांगितलं, कारण 'मोठ्या पुस्तकात नक्की एकच उत्तर असेल आणि ते मला माहीत नाही' ही तुमच्या पत्रात दडलेली समजूत मला मोडायची होती.

आता टाळ्यांकडे येऊ, कारण माझ्या मते गडबड तिथंच झाली असणार. वर्गात सिलॅबल मोजायला टाळ्या वाजवतात. टाळी वाजवायची म्हणजे शब्द सावकाश, तोडून म्हणायचा. आणि सावकाश म्हटलं की गळलेला स्वर परत येतो : टि... कल... ली. टाळीनं आठवा सिलॅबल मोजला नाही, तयारच केला. त्यापेक्षा हनुवटीखाली उलटा तळहात धरा आणि शब्द एका वाक्यात घालून नेहमीच्या वेगानं म्हणा. 'शी वॉज अनकॅरक्टरिस्टिक्ली क्वाएट.' प्रत्येक स्वराला हनुवटी हाताला किंचित टेकते. अगदी काटेकोर नाही हो ही रीत, 'इ'ला हनुवटी जेमतेम हलते. पण टाळीपेक्षा बरी, कारण ती शब्दाला थांबवत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, नीट म्हणायचं कसं. इथं मात्र थोडं तुमच्याविरुद्ध बोलते. तुमची संख्या बरोबर आली, पण पत्रात तुम्ही शब्द 'अनकॅरॅक्टरिस्टिकली' असा लिहिला आहे आणि बहुतेक तसाच म्हणतही असाल : मालगाडीच्या डब्यांसारखे सगळे स्वर सारखे. आपल्या मराठीची चालच तशी आहे. जोर इकडचा तिकडे केला तर मराठी शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण त्याच्याकडे लक्ष देत नाही. इंग्रजीत एका स्वराला पाटावर बसवतात आणि बाकीच्यांना खाली सतरंजीवर. या शब्दात पाट 'रिस'चा. त्याखालोखाल 'कॅ'ला थोडा मान, 'अन'लाही जरा ठसका. मधले 'रक' आणि 'ट' अगदी दुबळे, आणि शेवटची टिकली जाता जाता लावलेली.

दुबळ्या स्वरासाठी आपल्याकडे फुकटचं धन आहे : आपला साधा अ. इंग्रजीतला सगळ्यांत जास्त वापरला जाणारा दुबळा स्वर आपल्या 'अ'च्या फार जवळचा आहे. पण गाइडवाल्यांनी स्पेलिंगमध्ये ए दिसला की 'ॲ' लावला, त्यामुळे आपण 'कॅरॅक्टर' म्हणतो. दुसरा ॲ काढून टाका. कॅ-रक्-टर. पुष्कळ अमेरिकी लोक 'रिक' म्हणतात, तेही चालेल. एवढ्यानं निम्मा शब्द सुधारतो. ट आपल्या टपरीतल्या ट-इतका जीभ वळवून म्हणू नका, हेही सांगितलं असतं, पण खरं सांगू? त्यानं कुणाचं काही अडत नाही. जोर चुकला तर अडतं.

सरावाला शब्द शेपटाकडून धरा. आधी टिक्ली. मग रिस्टिक्ली, 'रिस'वर जोर. मग टरिस्टिक्ली, रक्टरिस्टिक्ली, कॅरक्टरिस्टिक्ली. शेवटी 'अन' लावा. उलटं बांधत आणलं की दम शेवटाला संपत नाही आणि ओळखीचा भाग नेहमी पुढे वाट बघत असतो. मी वर्गात वर्षानुवर्षं हेच करून घेतलं. पोरं हसतात, पण म्हणतात.

आणि एक गंमत, जी तुमच्यासारख्या इतर आयांनाही उपयोगी पडेल. टिकलीच्या लगेच आधीच्या घरात जोर. ऑटोमॅटिकली : 'मॅ'वर. सिस्टमॅटिकली : पुन्हा 'मॅ'वर. बेसिकली : 'बे'वर. एन्थ्यूझिॲस्टिकली : 'ॲस'वर. 'रेटरिक' हा मूळ शब्द हट्टी आहे, तो जोर पहिल्याच घरात धरून बसतो. पण टिकली लागली की 'रेटॉरिक्ली' होतो आणि निमूट रांगेत येतो. नेहमीच्या वापरातले बहुतेक 'इकली'-शेपटाचे शब्द या एका नियमानं वाचता येतात, आणि प्रत्येकाची छापील संख्या बोललेल्या संख्येपेक्षा साधारण एकानं जास्त भरते. स्पेलिंगचा ठळक अपवाद 'पब्लिक्ली'. त्यात तो ए आणि एल घालायचाच नाही, सरळ पब्लिकला ली. चांगले शिकलेले लोक तिथं चुकतात, म्हणून सांगून ठेवलं.

शब्दाची बांधणी तुम्ही विचारली नाहीत, पण ती कळली की शब्दाची भीती जाते. बाहेरून सोलत जा. 'ली' काढा, उरतं विशेषण. 'अन' काढा, उरतं 'कॅरक्टरिस्टिक'. मग 'इस्टिक' काढा, खाली 'कॅरक्टर'. ही गाभ्याची चीज ग्रीक आहे : खारक्टेर, म्हणजे कोरलेली खूण, नाण्यावर उमटवलेला छाप. पुढं माणसावर उमटलेला छाप तो त्याचा स्वभाव. ग्रीकातून आल्यामुळेच सीएच लिहून क म्हणायचं, जसं स्कूल, केमिस्ट्री, ख्रिसमसमध्ये. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द एचशिवाय लिहीत. ग्रीक घराणं दाखवण्यासाठी एच नंतर घुसवला. म्हणजे स्पेलिंग बदललं ते कागदासाठी, तोंडाला कुणी विचारलं नाही. (कॉलेजात पहिल्याच वर्षी मी भर वर्गात 'क्वायर'ला 'चॉयर' वाचलं होतं. सर चष्मा काढून हसले. सीएचचा आणि माझा हिशेब तेव्हापासूनचा.)

'अन' तर आपल्या घरचाच. संस्कृतातला अन्, म्हणजे 'अनपेक्षित'मधला, आणि इंग्रजीतला हा अन, दोघांचा पणजोबा एक. 'अनपेक्षितपणे' शेजारी लिहून पाहा : पुढे नकार, मध्ये गाभा, शेवटी 'पणे'. इंग्रजीत पुढे नकार, मध्ये गाभा, शेवटी 'ली'. या 'ली'चा मूळ अर्थ जुन्या इंग्रजीत देह, रूप. 'लाइक' हा शब्द त्याच कुळातला. इंग्लंडात जुन्या चर्चच्या आवाराला छप्पर असलेलं फाटक असतं, त्याला लिचगेट म्हणतात. अंत्यविधीला आणलेला देह पाद्री येईपर्यंत तिथं टेकवत. त्या 'लिच'मध्ये तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. आपल्या रोजच्या 'बेसिकली'च्या टोकाला असं एक जुनं प्रेत लटकतंय, हे जावेला चहाबरोबर सांगायला हरकत नाही.

इथं एक बारकी गोष्ट दिसते. बांधणीची सुरी आणि उच्चाराची सुरी वेगवेगळ्या जागी चालते. बांधणी म्हणते, 'कॅरक्टर' इथं संपला, पुढे 'इस्टिक'. उच्चार म्हणतो, छे, र पुढच्या घरात गेला, 'रिस'. आपल्याकडेही तेच. 'अन्' अधिक 'अपेक्षित' अशी बांधणी, पण लिहिताना 'न' शेजारच्या अ-ला जाऊन चिकटतो. मुलीनं बांधणीचे तुकडे पाडले की उच्चाराचे, हाही एक प्रश्न बाईंना सोडवावा लागत असेल. एका वर्गात चाळीस-पन्नास मुलं, उत्तरपत्रिका वरून छापून आलेली. मला बाईंचा राग येत नाही. हा शब्द सातवीला देणाऱ्याला मात्र एकदा भेटावंसं वाटतं.

आणि अर्थ? कोशात 'वैशिष्ट्याला न साजेशा रीतीने' असं काहीतरी सापडेल. ते विसरा. आपल्याकडे याला नेमका शब्दप्रयोग आहे : 'कधी नव्हे ते'. कधी नव्हे ते लवकर उठला. कधी नव्हे ते गप्प बसली. मुलीला अर्थ असा सांगा, जन्मात विसरणार नाही.

आता तिसरा प्रश्न. खरं तर पत्र त्यासाठीच लिहिलंय, नाही का? तुमच्या मूळ पत्रात सात-आठाबद्दल जेमतेम सहा ओळी आहेत आणि जावेच्या चेहऱ्याबद्दल अकरा. हेच वाक्य मुलगी स्वयंपाकघरात, दोघीच असताना म्हणाली असती, तर तुम्ही मला लिहिलं असतं का? मला वाटतं, तुम्ही हसून तिला धपाटा घातला असता. लागलं ते जावेसमोर बोलली म्हणून. ते लागणं खोटं नाही, पण ते इंग्रजीचं दुखणं नाही. त्यावर क्लास लावला तर फी जाईल आणि दुखणं राहील.

मुलीच्या बाजूनंही बघा. पहिलीपासून तिच्या वहीत तुमचा शब्द शेवटचा होता. त्या दिवशी तिनं तुमच्या भरवशावर सात लिहिले आणि भर वर्गात काट पडली. बारा वर्षांच्या मुलीला एक मार्क लहान नसतो, आणि 'आईनं सांगितलं होतं' हे तिथं म्हणता येत नाही. घरी येऊन तिनं तो हिशेब चुकता केला, हाताशी जे वाक्य होतं ते वापरून. ते वाक्य तिचं स्वतःचं नसणार. शाळेच्या व्हॅनमध्ये, वाढदिवसांच्या पार्टीत अशी वाक्यं हवेतच असतात. त्यावरून तिला तुमची लाज वाटते असं मी तरी धरणार नाही. पण पाहुण्यांसमोर आईला असं बोलायचं नाही, हे तिला सांगायलाच हवं, आणि ते सात-आठाच्या वादात न गुंतवता. दोन्ही गोष्टी एकदम काढल्यात तर ती म्हणेल, मार्क गेला म्हणून ओरडतेस.

पुढचं म्हणजे तुमचं स्वतःबद्दलचं गृहीत. 'मराठी माध्यम' तुम्ही पत्रात कबुलीजबाब द्यावा तसं लिहिलंय. आपल्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, पहिलीपासून ते २००० साली आलं. तेव्हा उच्चार कुणी कानानं शिकवलेच नाहीत, डोळ्यानंच शिकलो आपण. असं असून तुम्ही काय केलंत? गाइड उघडलं नाहीत. उच्चार चार-पाच वेळा ऐकलात, बोटांवर मोजलात आणि जे ऐकू आलं ते लिहायला सांगितलंत, स्पेलिंग डोळ्यांसमोर आठ म्हणत असताना. उच्चार शिकवायला बसलेल्या माणसानं हेच करायचं असतं. माझ्या हाताखालच्या किती नव्या शिक्षकांना मी हे करायला लावताना थकले, तुम्हाला सांगत नाही.

शाळेत जायचं का? मार्क परत मागायला जाऊ नका. कोश उघडून, पान दाखवून भांडता येईल, जिंकालही; पण पुढचं वर्षभर त्या वर्गात तुम्ही नाही, मुलगी बसणार आहे. नुसतं सोडून दिलंत तर पुढच्या वर्कशीटला तुमची बोटं पुन्हा अडखळतील. म्हणून पालकसभेला, मुलगी शेजारी नसताना, बाईंना एवढंच विचारा : "सिलॅबल मोजताना छापील तुकडे धरायचे की बोललेले? घरी त्याप्रमाणे घेते." बाई 'छापील' म्हणाल्या तर परीक्षेपुरते छापील. त्यात कमीपणा नाही. वृत्तात आपण टिकली तीन धरतोच की. आणि एखाद्या बाई यावर थबकून 'हो, बोलताना सातच येतात' असंही म्हणतील. शिक्षकांना असा प्रश्न क्वचित कुणी विचारतं, सहसा लोक मार्कच विचारतात.

मिस्टरांच्या क्लासबद्दल : मुलीला इंग्रजी बोलायला जागा हवी असेल तर जरूर लावा. पैसे भरायच्या आधी एक दिवस मागं बसून बघा, तासाभरात पोरं किती बोलतात आणि सर किती. पोरं गप्प आणि सर सुरू असतील तर परत या. पण तुमच्या जागी क्लास, असं करू नका. अभ्यास घेणं थांबवू नका, घ्यायची रीत मात्र थोडी बदला. सातवीपुढं तुम्हाला सगळी उत्तरं येणार नाहीत, कुणालाच येत नाहीत. तेव्हा उत्तर देणारी बाजू हळूहळू तिच्याकडे सरकवा. ऐकायचं तिनं, मोजायचं तिनं. तुम्ही कोश काढून शेजारी बसायचं. दोघींचे आकडे वेगळे आले तर दोन्ही लिहून ठेवायचे, एक पेन्सिलीनं.

हे उत्तर तिच्यापुढं नाचवू नका, 'बघ, मीच बरोबर होते' म्हणून. दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग एखाद्या सकाळी, ती शाळेची वेणी घालून घेत असेल तेव्हा, सहज विचारा, "टिकलीत सिलॅबल किती गं?" ती बोटावर मोजून तीन म्हणेल. काही दुरुस्त करू नका. फक्त म्हणा, "बरं. आता आतून माझी टिकलीची पाकीटं आण, आणि येताना मोठ्यानं सांग काय आणलंस."